मुंगी चालू लागली तेव्हा

गुरुराजच्या हातातला मोबाइल वाजला. त्याने नाव पाहिलं, फोन कापला आणि पुन्हा खेळात डोकं घातलं.

समोर बसलेल्या उल्काने उपेंद्रकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

१९९९ साल होतं. गुरुराज एका मोबाइल कंपनीचा अधिकारी. कंपनी ग्राहकांना खेळ भरलेले हँडसेट देणार होती. खेळ निवडायला तो बंगळुरूच्या बसवनगुडी भागातल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात आला होता. खेळ बनवणारे बाकीचे लोक पंधरा दिवसांत एक खेळ उरकत. उपेंद्रने एकाच खेळावर आठ महिने घातले होते.

साखरेचा दाणा वारुळापर्यंत नेणारी मुंगी, एवढंच. पडदा काडेपेटीहून लहान, मुंगी म्हणजे सात काळे ठिपके. पण ती दमायची. दाणा खाली ठेवून मिशा हलवायची, मग पुन्हा उचलायची. त्या दमण्याला फोनच्या इवल्याशा मेमरीत जागा मिळावी म्हणून उपेंद्रने सगळा प्रोग्रॅम चारदा नव्याने लिहिला होता.

पुण्याची चांगली नोकरी सोडून त्याची भागीदार झालेली उल्का मध्यंतरी वैतागली होती. "उपेंद्र, परफेक्ट आहे. देऊन टाकू."

"स्वल्प थांब. ती अजून चालत नाही, नुसती सरकतेय."

एके दिवशी मुंगी खरंच चालली. त्या दिवशी उल्का जेवायची विसरली. नंतर तिने घाई केली नाही.

मोबाइल पुन्हा वाजला. "साहेब आहेत," गुरुराज पुटपुटला आणि तोही कापला.

दीड तासाने त्याने हँडसेट टेबलावर ठेवला.

"दाणा पाण्यात पडला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं," तो म्हणाला. "सात ठिपक्यांसाठी. कुणी केलं हे?"

उल्काने उपेंद्रकडे बोट दाखवलं. गुरुराज उठला आणि त्याने उपेंद्रचा हात दोन्ही हातांत धरला.

"मग घेताय ना?" उल्काने विचारलं.

"नाही."



"काय कमी आहे ते सांगा," उपेंद्र म्हणाला. "मी करतो दुरुस्त."

"कमी काहीच नाही, अण्णा. पण आमची कंपनी लोकांच्या बोलण्यावर चालते. हा हातात असला तर कोण बोलेल?" गुरुराज पुन्हा खुर्चीत बसला. "दुसरा एखादा असेल तर दाखवा. दोन मिनिटांत कंटाळा येईल असा."