चादरीवरचे ठिपके

“थंडीभर पेटीत कोंडलेल्या मधमाश्या शी कुठे करतात?” मैत्रिणींनी डिवचलं म्हणून त्या मुलीने मधपाळांच्या सभेत बेधडक विचारलं. हशा पिकला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. “पोटातच धरून ठेवतात, बाळा. पहिल्या उबदार दुपारी बाहेर पडतात, तेव्हाच मोकळ्या होतात.” घरी बाबांनी आत्याची पेटी ठोठावली, आतून हूं की चूं नाही. “आत्या गेली, तिच्यामागे माश्याही गेल्या. उद्या पेटी मोडू.” दुसऱ्या दिवशी ऊन इतकं मऊ पडलं, की अंगण झोपेत हसल्यासारखं वाटलं. दोरीवर आईची पांढरीशुभ्र चादर झुलत होती. तिच्यावर एकेक पिवळा ठिपका उमटत होता. “अगंबाई, माझी चादर!” आई किंचाळली. लेक मात्र आत्याच्या पेटीतून निघालेल्या माश्यांच्या गुणगुणीत गिरकी घेत होती. “चादर मी धुते,” तिने आईबाबांना बजावलं, “पण पेटी मोडायची नाही. आजपासून ती माझी.”