फसलेल्या नमुन्यांसाठी

"ताई, दोन वाजता बँकेतली शिक्षणकर्जाची खिडकी बंद होते. तेवढं डोळ्याखालून घाल ना पटकन," म्हणत धाकटीने कागद थेट कापणीच्या टेबलावर ठेवला. थोरलीने नुकत्याच आखलेल्या बाहीवर.

थोरलीने कागद उचलला. खालचा खडू पुसला गेला नाही ना, हे आधी पाहिलं आणि मग चष्मा नाकावर चढवला. शिवणखान्यात जेवणाची सुट्टी होती. मशिनं गप्प होती. समोरच्या भिंतीवर मालकाची पाटी तेवढी बोलत होती: चुकीच्या कापणीचं कापड पगारातून.

कागद कॉलेजनेच छापलेला होता. पोशाख डिझाइनच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला फीशिवाय आणखी काय काय लागतं, त्याचा तक्ता. आकडे धाकटीने भरले होते, सुबक, मोत्यांसारखे. कॉम्प्युटर. छपाई. नमुन्यांसाठी साधा मांजरपाट. शेवटच्या प्रदर्शनातला गाळा, आणि त्यात उभे करायला भाड्याचे पुतळे. कोपऱ्यात एक फोटोही होता. भलंमोठं टेबल, वरून धो धो उजेड आणि टेबलावर पाय हलवत बसलेली एक मुलगी.

कापणीच्या टेबलावर बसायचं नसतं, एवढंही शिकवत नाहीत का हिला कोणी, असं थोरलीच्या मनात आलं. आणि तरीही नजर त्या हलत्या पायांवरून निघेना.

"झालं!" काजं करणाऱ्या मावशीने डब्याचं झाकण लावत तोंड घातलं. "आता धाकटीनं कागदावर रेघोट्या मारायच्या नि मास्तरीणबाईंनी कापत बसायचं. चित्र एकीचं, चिंध्या दुसरीच्या!"

"मावशी, तुमच्या काजांना कात्री मीच लावणार बघा एक दिवस," धाकटी हसली. थोरलीही हसली, पण ते हसू ओठांच्या आत काही उतरलं नाही.

"भाड्याचे पुतळे?" ती म्हणाली. "इथं आम्ही मावशींना उभं करून मापं घेतो."

"मावशींना गाळ्यात उभं केलं तर परीक्षकच पळतील."

"बँक नंतर वाढवून देते का?"

"छदामसुद्धा नाही. आज सांगू तेवढंच. म्हणून तर तुझ्याकडे आले. कापडातलं तुझ्याइतकं कोणाला कळतंय?"

थोरलीचं बोट ओळीओळीने खाली आलं आणि एका जागी थांबलं. छापील ओळ होती, पण शाईने आडवी खोडलेली. 'फसलेल्या नमुन्यांसाठी मांजरपाट: शंभर मीटर.'

"हे गं काय?"

"ते होय!" धाकटीला हसू आवरेना. "पहिल्या वर्षी चुकलंच पाहिजे म्हणतात. जी चुकत नाही, तिनं नवं काही करून पाहिलंच नाही, असं धरतात आणि मार्क कापतात. वेडेच आहेत. मी खोडून टाकलं. तुझ्या हाताखाली शिकलेय मी, आपल्यात कधी वीतभर कापड वाया जातं का?"

शंभर मीटर. चुकायला. वर मार्कही.

थोरलीच्या पोटात काहीतरी भक्कन पेटलं. कॉम्प्युटरचं तिला काही वाटलं नव्हतं, पदवीचं तर त्याहून नाही. पण हे? तिने ती ओळ पुन्हा वाचली, परक्या घरचं पक्वान्न खिडकीतून बघावं तशी.

आणि त्या पेटलेल्यातूनच एक विचार आला, थंडगार, गोड. खोडलंय ते राहू दे. हिला कापड पुरणार नाही. कात्री लावताना हिचा हात आखडेल. बाकीच्या मुली टेबलावर बसून फाडतील, उसवतील, पुन्हा जोडतील, आणि ही बिचारी नेमस्त, सरळ बाह्या कापत राहील. मग येईल परत. इथंच, माझ्या शेजारी.

"बरोबर आहे," थोरली म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. पळ आता, उशीर होईल."

धाकटीने तिच्या गालाला गाल लावला, कागदाची घडी केली आणि ती जिन्याकडे धावली.

घंटा झाली. मशिनं गुरगुरू लागली. थोरलीने कात्री उचलली, बाहीच्या रेघेवर ठेवली आणि थांबली. पुन्हा टेप लावली. बरोबर होतं. कात्री टेकवली. पुन्हा टेप लावली. तरीही बरोबरच होतं. तिसऱ्यांदा टेप उचलताना तिला आपलाच हात दिसला. कापडाच्या वर अधांतरी, चोरी पकडली जाईल म्हणून दबकलेल्या माणसासारखा.

कात्री तशीच टाकून ती जिन्यावर आली. धाकटी खालच्या पायरीवर पोचली होती.

"ए ठमे! ती खोडलेली ओळ परत लिही."

"कुठली? फसलेल्यांची?" धाकटीने मान वर केली. "अगं, उगाच हप्ता वाढेल."

"वाढू दे. शंभर नको. दोनशे लिही."

"दोनशे? एवढ्या चुका करणारेय का मी?"

थोरलीने कठडा घट्ट धरला. पोटातलं अजून विझलं नव्हतं. आवाजालाही त्याची धग होती.

"करायच्या," ती म्हणाली. "आणि त्यातलं एक मीटर जरी शिल्लक घेऊन घरी आलीस, तर माझ्याशी गाठ आहे."