यशराजचं खातं

लासुर्ण्यात यशराजचं तेरावं झालं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर बहिणीचं, निकिताचं खातं उघडलं. आता त्याचं जुनं खातं काढायचं होतं, तर सेटिंग्ज उघडेनात. खिडकी यायची आणि मिटायची. गोकुळ मेकॅनिकनं तीनदा रीस्टार्ट केलं, शेवटी माऊसची वायरही उपसली.

"दहाव्याला पिंडाला कावळाबी शिवला न्हाय," यशराजची आई ठमाबाई म्हणाली. पिंडापुढं देतात तसा तिनं हात जोडून पडद्याला शब्द दिला, "लेकरा, तुजं न्हाय काढत."

सेटिंग्ज लगेच उघडली.

'निकिता हे खातं कायमचं काढायचं?'

वायर अजून गोकुळच्याच हातात होती, तरी बाण सरकत सरकत 'होय'वर गेला.

मागून निकिता डोळे चोळत म्हणाली, "आये, मला कायबी दिसंना झालंय."