दोनशे मिलिमीटरचा आरसा

वायरमनने ‘भिंगाची दुर्बीण’ या शब्दांवर काट मारली आणि खाली लिहिले: ‘आरशाची. दोनशे मिलिमीटर.’

स्टोअरकीपरने चष्मा कपाळावर सरकवला. खगोल मंडळाचा निधी त्याच्या ताब्यात होता. सवलत हवी असेल तर पाच वाजेपर्यंत दुकानदाराला फोन करून मागणी पक्की करायची होती. मंडळात बावीस कामगार होते आणि त्यांनी निवडीचा अधिकार तिघांना दिला होता. तिसरी सदस्य क्रेन चालवणारी. तिची सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ अजून हनुवटीखाली होता.

बैठक कामगार वाचनालयात भरली होती. कंपनीने ते कामगारांच्या बौद्धिक उन्नतीसाठी काढले होते, आणि उन्नती हाताबाहेर जाऊ नये म्हणून तीनपैकी दोन कपाटांना कुलूप घातले होते.

“अकरा वर्षं तूच आमचे कान किटवलेस,” स्टोअरकीपर म्हणाला. “इथून चंद्र आणि चार ग्रह, एवढंच दिसणार. म्हणून लहान भिंग आणि पक्की तिपाई. तुझंच वाक्य. इतिवृत्तात आहे.”

“आहे.”

वाक्य बिनचूक होते. कारखान्याच्या आवारात साठ खांब होते, प्रत्येकावर सहा दिवे. वस्तीवरचे आकाश रात्रभर गंजक्या पत्र्याच्या रंगाचे असे. अशा आकाशात चंद्र टिकतो, गुरू टिकतो. दीर्घिका आणि तेजोमेघ बुडतात. आरसा कितीही मोठा घ्या. तो ताऱ्यांच्या प्रकाशाबरोबर खांबांचा उजेडही इमानेइतबारे गोळा करतो. हे सारे वायरमननेच मंडळाला फळ्यावर आकृत्या काढून शिकवले होते. त्या साठ खांबांवर चढून जळके दिवे बदलणे हीच त्याची नोकरी होती.

“लांबचं बघायचं तर सगळा पैसा आरशात घालायचा,” तो आता म्हणत होता. “मोटार नको, संगणक नको. लाकडी बैठक, हाताने फिरवायची. आपल्या निधीत याहून जास्त प्रकाश देणारं काही येत नाही.”

“आणि अंधार? तो दुकानदार वर फुकट देतोय का?”

क्रेनवाली हसली. वायरमन हसला नाही, तेव्हा तीही थांबली.

“दादा, देवयानी दीर्घिका बघायचीय असं दरवर्षी मीच बडबडते,” ती म्हणाली. “माझं मन राखायला हे चाललं असेल तर नको. लोकांनी पोटाला चिमटा काढून जमवलंय. चुकलो तर पुन्हा अकरा वर्षं कोण जमवत बसणार? त्यापेक्षा वाटून टाकू.”

“वाटलं तर माणशी आठवड्याचा किराणा येईल,” स्टोअरकीपर म्हणाला. “मी हिशेब केलाय.”

“मन राखत नाहीये, ताई.”

“मग दुर्बीण डोंगरावर वाहून नेणार आहेस?”

“नाही. याच वाचनालयाच्या गच्चीवर ठेवायची.”

स्टोअरकीपरने कागद बाजूला सारला. त्याचा आवाज खाली आला. “बाबा रे, स्पष्टच विचारतो. दुकानदाराने तुझे हात ओले केलेत का?”

क्रेनवालीने खिडकीबाहेर पाहिले. अकरा वर्षांत या माणसाने वर्गणीतून चहासुद्धा घेतला नव्हता. पण असा प्रश्न विचारण्यासाठी माणसे नेहमी प्रामाणिक माणूस शोधतात; लबाडाला विचारून हाती काय लागणार?

आरसाच का, याचे उत्तर वायरमनकडे होते. ते कुणालाही देणार नाही, असे त्याने आज सकाळी व्यवस्थापकाच्या खोलीत लिहून दिले होते. शब्द मोडला तर वीस वर्षांची ग्रॅच्युइटी अडकेल, हेही त्या कागदावर स्वच्छ टंकलेले होते. व्यवस्थापक फार सभ्य गृहस्थ. सहीसाठी त्यांनी स्वतःचे पेन दिले आणि पंखा वाढवू का, असेही विचारले.

“बोल की,” स्टोअरकीपर म्हणाला.

वायरमनने पेनाला टोपण लावले.

“ठीक आहे. मी भिंगाचीच सांगतो. तुझं काय ते बावीस जणांसमोर बघू.”

स्टोअरकीपर दुकानाचा नंबर फिरवू लागला. तिसऱ्या आकड्याला वायरमनने हात लांबवून फोन दाबून धरला.

“काका, थांबा. खांबांचे दिवे बंद व्हायचेत.”

“कुठल्या खांबांचे?”

“साठही.”

“दुरुस्तीला?” क्रेनवाली वळली. “मग मी भट्टीवर क्रेन काय चाचपडत चालवू? आमच्या पाळीला कुणी काहीच बोललं नाही.”

“साहेब कुणालाच बोललेले नाहीत. मला सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं.”

त्याने खिशातून चार घड्या घातलेला व्यवस्थापकाचा लेखी हुकूम काढला आणि दुर्बिणींच्या यादीवर पसरला. क्रेनवालीने तो वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला. स्टोअरकीपरचा चष्मा कपाळावरच राहिला.

“एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला सगळ्या कारखान्याचा मुख्य स्विच पाडायचा,” वायरमन म्हणाला. “चढवायची तारीख दिलेली नाही.”