सात दरोडेखोर

सेयतकालीने पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. चष्म्याचा दोष नव्हता. ‘सात दरोडेखोर. उझुनसाई कुरण. छायाचित्र : बाल्झिया.’

पाटीच्या वर फोटो होता. लोखंडी खुंटा, म्हणजे ध्रुव. खुंट्याला बांधलेले दोन घोडे. आणि त्या घोड्यांवर डोळा ठेवून पिढ्यान्‌पिढ्या घिरट्या घालणारे सात तारे. फोटोखाली व्यासपीठ, व्यासपीठावर सात खुर्च्या. मधली हातांची, ती अकीमची, म्हणजे जिल्हाप्रमुखाची. बाकीच्या सहा, त्याच्या सहीखाली सही करणाऱ्यांच्या.

“बाल्झिया, पोरी, आज हॉटेलचं उद्घाटन आहे,” सेयतकाली म्हणाला. सांस्कृतिक भवन त्याच्या ताब्यात होतं. “तू आपलं आकाश देते म्हणालीस.”

“हेच आपलं आकाश, आगा. नावासकट देते म्हणाले होते.”

“खाली सात माणसं बसणार, डोक्यावर सात तारे, आणि मध्ये लिहिलंय दरोडेखोर. लोकांना मोजता येतं गं.”

“मग खुर्च्या कमी करा.”

वाट्या मांडणारी कुलपाश आपा खाकरली. हसू आलं की ती खाकरत असे. तिने सेयतकालीच्या हातात अर्धी वाटी चहा दिला. मानाच्या माणसाला अर्धीच द्यायची. काठोकाठ भरून दिली की ‘आता निघा’ हे निराळं सांगावं लागत नाही.

सेयतकालीने फोन पुढे केला. “हे बघ, शोधून काढलंय. हिंदुस्थानात ह्याच ताऱ्यांना सात ऋषी म्हणतात. म्हणजे साधू. आपण ‘सात साधू’ लिहू.”

“तिकडे पोचेपर्यंत सुधारत असतील,” आपा म्हणाली.

“इकडे नाही सुधारले.” बाल्झियाचा आवाज चढला नाही, उतरला. “बॅटरी गोठू नये म्हणून काखेत धरून बसले होते मी, तेव्हा हा फोटो निघाला. आता पुन्हा निघायचा नाही. ह्या सातांनी सह्या केल्या, कुरण गेलं, डोंगरभर दिव्यांचे खांब आले. उझुनसाईत आता पाचच तारे दिसतात, आगा. तेही हॉटेलच्या पाटीवर. खुंटा गेला, घोडे गेले. दरोडेखोरांचं नाव तेवढं उरलंय, तेही पुसा म्हणता?”

“नाहीतर फोटो उतरवावा लागेल.”

“उतरवा की.”

सेयतकालीने फोटोची कड जरा उचलून पाहिली आणि सोडून दिली. मागे आधीच्या अकीमच्या तसबिरीचा पांढरा चौकोन होता. तो अकीम सध्या सरकारी खर्चाने, गजाआड राहत होता.

“बरं, नाव राहू दे,” तो म्हणाला. “एक तारा खोड. संगणकावर होतं ना ते? खाली दुकानात लगेच छापून मिळेल. सहा दरोडेखोर काय, कुणीही असू शकतात.”

बाल्झिया म्हणाली, “खोडते. कुठला, ते तुम्ही सांगा.”

सेयतकालीने फोटो पाहिला. मग नजर खाली आली आणि खुर्च्यांपुढच्या नावांवरून एकेक करत सरकली. काही नावांवर ती रेंगाळली. हातातला चहा निवला. त्याने दाराकडे पाहिलं.

“मधला,” तो हळूच म्हणाला. “तसाही फिकाच आहे.”

मधल्या खुर्चीपुढे वाटी पुसणारा आपाचा हात थांबला. सेयतकाली घाईने तिच्याकडे वळला.

“आपा, तू काही ऐकलं नाहीस.”

“मी बहिरीच आहे रे,” आपा म्हणाली. “फोटो किंवा पाटी जागची हलली, तरच ऐकू येतं.”

बाहेर गाड्यांची दारं वाजली. सेयतकालीने कोटाचं बटण लावलं आणि स्वागताचं हसू लावलं. बाल्झियाने वाकडी झालेली पाटी बोटाने सरळ केली.

पाहुणे आले, सातही जण आपापल्या ताऱ्याखाली बसले. कुलपाश आपाने किटली उचलली, डावीकडून सुरुवात केली आणि एकेक वाटी काठोकाठ भरत गेली.