तीन घरांची लाइन

"कॉफी पुन्हा महागली," हेझल फोनवर म्हणाली. "दुसरा कप मी बंदच केला."

"आमच्याकडे टीव्ही आल्यापासून जेवायला टेबलाशी कुणी फिरकत नाही," नॉर्मा म्हणाली.

१९५४ साली आयोवातल्या त्या रस्त्यावर तीन घरांत मिळून टेलिफोनची एकच लाइन होती. रिसीव्हर उचलला की दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येई. तिसऱ्या घरात एकट्या राहणाऱ्या लिंडक्विस्टबाई रोज न चुकता ऐकत आणि हे कुणाला ठाऊक नाही, असं समजत. पण त्यांनी पाळलेली चिमुकली कॅनरी फोनशेजारीच पिंजऱ्यात गायची आणि तिचं गाणं लाइनवर ऐकू येई. हेझल आणि नॉर्मा फोनवर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. बाईंविषयी काही बोलायचं असलं, तर दुकानात भेटून बोलत.

हेझल मध्येच थांबली. "नॉर्मा, आज पक्षी ऐकू येत नाहीये."

दोघींनी फोन ठेवले आणि त्या बाईंच्या घराकडे निघाल्या.

लिंडक्विस्टबाई स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. पाय सुजला होता, उठता येत नव्हतं. दोघींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"तुम्हाला कळलं कसं?" बाईंनी विचारलं.

पिंजऱ्यात कॅनरी जोरात गात होती. हेझलने तिच्याकडे पाठ केली.

"कॉफी महागली ना," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्याकडेच प्यावी."