वेटिंगची मंडळी

रत्नदीपने डोंबिवलीत, आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर झकास रेस्टॉरंट काढलं. ठेच्याचा पास्ता, सुकटीचा पिझ्झा, पुरणाचा चीजकेक! पहिल्याच रविवारी दाराबाहेर ही रांग लागली आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

त्याची आई, मंजुळाबाई, वरच्या गॅलरीतून ती रांग बघत होती. थोड्या वेळाने ती परातभर गरम भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं घेऊन खाली उतरली आणि रांगेतल्या लोकांना वाढायलाच लागली.

रत्नदीप धावत बाहेर आला. "आई, अगं काय करतेस? कस्टमर आहेत हे माझे!"

"असू देत ना. आपल्या दारात आलेली माणसं अशी उपाशी ताटकळत ठेवायची? तुझी टेबलं रिकामी होईपर्यंत दोन घास खातील. जा तू, तुझं काम बघ."

चारचौघांत आईशी भांडणार कसं? तो निमूट आत गेला. मग खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं, तसा तो वेटिंगची यादी घेऊन हसतमुखाने बाहेर आला. "शिवानी मॅडम, या! टेबल तयार आहे."

पायरीवर मांडी घालून बसलेल्या शिवानी मॅडम भाकरी मोडत म्हणाल्या, "आमच्या मागच्यांना द्या."

मागच्यांनी तोंडातल्या घासासकट मान हलवली. नको.

एवढ्यात टेबल सोडून निघालेलं जोडपं दारातच थबकलं. नवऱ्याने पातेल्याकडे पाहिलं आणि रत्नदीपला हळूच विचारलं, "दादा, वेटिंगला नाव कुठे लिहायचं?"